उघडा रांजण

या, असे जवळ सरका. टाळ ठेवा क्षणभर खाली. काशीतल्या मंगला गौरीच्या गल्लीतल्या एका रांजणाची कथा ऐकवते.

कस्तुरी दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली. दिवस भरण्याआधीच झालेली मुलगी, दुपट्यात शोधावी लागे एवढीशी. आईही पांढरीफटक, भिंत धरून उभी. पोटुशी असताना तिला मलेरिया झाला होता. हुडहुडी भरून दात वाजायचे, तेव्हा सासरे ढुंढिराजशास्त्री म्हणायचे, "डोहाळे आहेत. तीर्थ द्या." रक्त तपासलं ते फार उशिरा. मलेरियामुळे वारेतूनच बाळाचं पोषण अडलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते तीर्थ देवघरापुढच्या रांजणातलं. चातुर्मासात तो रिकामा करायचा नाही, नुसती वरून भर घालायची. झाकायचाही नाही; गंगामाईचा श्वास कोंडतो, हा शास्त्रीबुवांचा शोध. वाहती माई रांजणात कोंडली, आणि वर श्वासाची काळजी! डासांचं औषध टाकायला माणूस आला, त्याला उंबऱ्यावरूनच हाकलला : "गंगाजल में दवा डालोगे?"

आता त्याच रांजणात पळी बुडवून शास्त्रीबुवा पुढे आले. "नातीच्या जिभेवर थेंब पडू दे."

"बाबा, डॉक्टरनी मना केलंय," कस्तुरीचा नवरा मुकुल पुटपुटला. "फक्त आईचं दूध."

"गंगाजल कधी नासतं का रे, गाढवा?"

बँकेत शिपायावर ओरडणारा मुकुल घरात नेहमीच गप्प.

कस्तुरीनं बाळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि सासऱ्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

"मामंजी, आधी वडीलधाऱ्यांचा मान. हात पुढे करा."

शास्त्रीबुवांनी सवयीनं तळहाताचा खळगा केला. तिनं पळी ओतली. खिडकीच्या उजेडात, तळहातावर, डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"घ्या ना," ती म्हणाली.

त्यांनी हात तोंडाकडे नेला नाही. झटकलाही नाही, तीर्थ सांडलं तर पाप! कस्तुरीनं अंगात होता तेवढा जोर लावून रांजण कलंडवला. पाणी त्यांच्या पायांवरून मोरीकडे गेलं, तरी ते तसेच उभे, तळहातावर डास वाढवीत.

पोरीचं नाव अजून ठेवलेलं नाही. पण आरतीला हात जोडाल ना, तेव्हा तिला आठवा. शास्त्रीबुवांना नाही आठवलंत तरी चालेल.