कच्चे दाणे

पहिला फटका मावशीला दिसला नाही, ऐकू आला. कोठीच्या दाराआड धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ दादा ओरडला, "आई गं!"

मावशी शाळेची स्वयंपाकीण. दीडशे पोरांची मावशी, म्हणून गावाचीही मावशीच. दादा तिचा थोरला भाऊ; आपल्या शेतातला लाल घेवडा पोत्यात भरून सकाळीच घेऊन आला होता. यंदापासून शाळेने ठेकेदाराची तयार जेवणाची पाकिटं बंद केली होती आणि गावात पिकलेले दाणे शिजायला लागले होते. पोरं ताटं चाटूनपुसून लख्ख करत होती. ठेकेदाराच्या पोटात दुखायला एवढं पुरे झालं.

त्याने मेहुण्याला पाठवलं. मेहुण्याने दोन गडी कोठीत घातले, दादासाठी, आणि स्वतः शेगडीपाशी येऊन उभा राहिला.

"गॅस बंद कर."

"अहो, आत्ता कुठे उकळी फुटतेय. तासभर तरी शिजायला हवा."

"माहितीये. म्हणून तर म्हणतोय."

मावशीच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. लाल घेवडा अर्धकच्चा पोटात गेला की माणूस ओकून ओकून आडवा होतो, हे तिला आईने कान धरून शिकवलं होतं. म्हणजे दुपारी पोरं ओकणार, संध्याकाळपर्यंत गावच्या दाण्यांचा बोभाटा होणार आणि उद्यापासून पुन्हा पाकिटं. काय डोकं चालवलं होतं मेल्याने!

"लहान लेकरं आहेत हो," तिचा आवाज चिरकला. "पहिलीतली आहेत त्यांत. एखादं हाती लागायचं नाही."

मेहुण्याने स्वतःच गॅसचा कान पिळला. मग कोठीकडे तोंड करून म्हणाला, "एक बोट."

वाळकी काटकी मोडावी तसा कट्टकन आवाज आला. या खेपेला दादाने आईला हाक मारली नाही. नुसताच हंबरला.

"अजून नऊ आहेत," मेहुणा म्हणाला. "वाढतेस ना?"

त्याच्या खुणेसरशी एक गडी मागच्या दाराने बाहेर गेला आणि तासभर आधीच जेवणाची घंटा घणाणली. सगळ्या वर्गांतून एकच गलका उठला. व्हरांड्यात ताटं वाजायला लागली.

"तायडे, वाढू नकोस!" आतून दादा ओरडला. "माझी बोटं गेली खड्ड्यात! तू वाढू..." पुढचे शब्द कुणीतरी लाथेने बंद केले.

मावशीने दोन फडकी घेतली आणि पातेल्याच्या कडा धरल्या. मेहुण्याला वाटलं, आली बाई वठणीवर. तो जरा पुढे सरकला, आणि मावशीने होतं नव्हतं ते सगळं बळ लावून पातेलं त्याच्या अंगावर कलंडवलं.

उकळतं पाणी मांड्यांपासून खाली गेलं. मेहुणा किंचाळला, दाण्यांवरून घसरला आणि त्याच पाण्यात दोन्ही तळहातांवर पडला. मावशीचेही पाय भाजले, घोट्यापासून कातडी सुटली. पण तिने कडा सोडल्या नाहीत. आतला शेवटचा दाणा खाली पडेपर्यंत ती पातेलं उपडं धरून राहिली.

कोठीतला गडी धावत बाहेर आला. तिने लोखंडी झारा उचलला आणि सरळ त्याच्या तोंडावर हाणला. त्याची भुवई फुटली, डोळ्यांत रक्त उतरलं. "या ना! या पुढे, मुडद्यांनो!" ती ओरडत होती. घंटा वाजवून परत आलेला दुसरा दारातच थबकला. पुढे यायची कुणाची छाती झाली नाही. दोघांनी मेहुण्याला काखेत धरून मागच्या दाराने फरफटत नेलं. जीप निघून गेल्याचा आवाज आला. कोठीत दादा कण्हत होता, म्हणजे जिवंत होता.

आणि पुढच्या दाराने पोरं आत शिरली.

त्यांना काय दिसलं? उपडं पातेलं, फरशीभर लाल दाणे, वाफ, आणि हातात झारा घेऊन झुलणारी मावशी. मारामारीतलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. पहिलीतली एक पोर भुकेली होती. ती खाली वाकली, चिमूटभर दाणे उचलले, दोनदा फुंकर घातली आणि तोंडात टाकले.

मावशीने तिच्या कानशिलात अशी लगावली की पोर ताटासकट भिंतीवर आदळली. आजवर मावशीने कुणाला साधी टपली मारली नव्हती. लंगडत जाऊन तिने पोरीचा जबडा दाबला, तोंडात दोन बोटं घातली आणि दाणे खरवडून काढले. पोरीचा ओठ फुटला होता. मावशी तिच्याहून मोठ्याने रडत होती.

मोठ्या बाई धावत आल्या. "मावशी! वेड लागलं का तुम्हाला? लेकराला मारता?"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती रांगेकडे वळली.

"अजून कुणी खाल्लंय? खरं सांगा, नाहीतर एकेकाचं थोबाड फोडीन!"

पोरांनी दोन्ही हात तोंडांवर गच्च दाबले आणि सगळी रांग भिंतीला जाऊन चिकटली.

"हां, तस्सं," मावशी म्हणाली आणि मटकन खाली बसली. "हात काढू नका."