चौथा कठडा

“माणसाने आयुष्यात एकदा तरी निसर्गापुढे नतमस्तक व्हावं!” दरीकडे दोन्ही हात पसरून त्याने जाहीर केलं आणि दाद मिळेल या आशेने बायकोकडे पाहिलं.

बायको नतमस्तक झालेलीच होती, पण कठड्यापुढे. उकिडवी बसून, मान वाकडी करून, ती लोखंडी दांडीची खालची बाजू न्याहाळत होती. समोरची दरी, पलीकडचा धबधबा आणि तीन तास गाडी चालवून हे सगळं दाखवायला आणणारा नवरा, यांतलं काहीच तिच्या खिजगणतीत नव्हतं.

सहलीचा हा दुसरा दिवस आणि चौथं ठिकाण. दोघांच्या नोकऱ्या एकाच महिन्यात सुटल्या होत्या. तो गाद्या विकायचा त्या दुकानाच्या मालकाने गाशा गुंडाळला, आणि ती वेल्डिंग करायची तो कारखाना दुसऱ्या गावी हलला. मध्ये आठ दिवस मोकळे मिळाले, म्हणून मेव्हण्याची गाडी मागून आणून दोघं फिरायला निघाली. ठिकाणं तिने निवडली होती. बायकोला एवढी सौंदर्यदृष्टी आहे हे त्याला लग्नाला तीन वर्षं होऊनही माहीत नव्हतं. आता कळत होतं, नव्हतीच. आधीच्या तिन्ही ठिकाणी तिने कठड्याखाली हात घातला, बोटं फिरवली आणि “माझा नाही” म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

त्याचं पुढचं ठरलेलं होतं. दुसरं दुकान, त्याच गाद्या. अडलं होतं तिचं. दोन कामं चालून आली होती. एक वेल्डिंगचंच, दुसरं एका गोदामाच्या फाटकावर, खुर्चीत बसून गाड्यांच्या पासांवर शिक्के मारायचं. खुर्चीवाल्यांना आज पाचच्या आत हो की नाही ते कळवायचं होतं. तो अर्थातच खुर्चीच्या बाजूने होता. सहा वर्षं गिऱ्हाइकांना पाठीच्या मणक्याची महती सांगितलेला माणूस दुसरं काय बोलणार?

“सापडला,” ती खालूनच म्हणाली.

“काय सापडलं?”

“माझा कठडा. हात घाल खालून.”

त्याने हात घातला. चेहरा वाकडा केला.

“च्युइंग गम आहे.”

“ते माझं नाही. पुढे जा.”

पुढे बोटांना वेल्डिंगचे बारीक खवले लागले. एकसारखे, एकाला एक बिलगलेले. वरून दिसत होते अगदी तसेच.

“कारखान्यात बाकीचे खालच्या बाजूला हात आखडता घ्यायचे,” ती म्हणाली. “दिसतंय कुणाला! मी खालूनही पूर्ण जोड फिरवायचे.”

“आणि तुला तो ओळखू येतो?”

“तुला तुझं अक्षर नाही ओळखू येत?”

“ओळखू येतं. वाचता येत नाही.”

ती हसली नाही. “ट्रक भरून कठड्यांचा माल जायचा रे. कुठे बसवला, पुढे धरतो की नाही, कोण येऊन सांगतं आम्हाला? म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघावं आणि मग खुर्चीचं ठरवावं.”

त्याच्या मनात आलं, सहा वर्षं आपणही गाद्या विकल्या. पण त्या कशा टिकल्या ते बघायला लोकांच्या झोपायच्या खोल्यांत जाता येत नाही.

एवढ्यात एक मोठी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून आठ माणसं उतरली. सगळेजण ज्यांना मामा म्हणत होते ते एक भरभक्कम गृहस्थ, तशाच दोन मावश्या, आणि मागून पाच तरणीताठी मंडळी. कशावर तरी खदाखदा हसत ती आठही जणं एकाच वेळी त्या कठड्याला पाठ लावून रेलली.

तो मनातल्या मनात बेरीज करू लागला. गादी विकणाऱ्याला नजरेने वजन ओळखावं लागतं, त्यावर स्प्रिंग ठरते. मामा एकशेपंधरा. मावश्या मिळून पावणेदोनशे. बाकीचे सव्वातीनशे. मामांनी तेवढ्यात दोन्ही कोपरं मागे टेकवून एक पाय हवेत घेतला.

 बायको कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती, जोडाकडे बघत होती.

कठड्याने हूं की चूं केलं नाही.

“सहाशे किलो,” तो म्हणाला. “कमीत कमी. आणि मागे दरी.”

“फोन लावू खुर्चीवाल्यांना?”

“लाव. त्यांना म्हणावं, बसायला दुसरं कुणीतरी बघा. बसण्या-झोपण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.”

तिने फोन लावला, “नाही जमणार, दुसऱ्या कामावर जातेय,” एवढंच म्हणाली आणि फोन खिशात टाकून दांडीवर तळहात ठेवून उभी राहिली. दरीकडे तिने आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

त्याची छाती अशी फुगली, की परतीच्या वाटेवर मेव्हण्याच्या गाडीचा पट्टा लागला नसता. हे या आठ जणांना सांगितल्याशिवाय इथून हलायचं नाही असं त्याने ठरवलं. घसा खाकरला, दोन पावलं पुढे झाला, आणि लग्नाच्या मंडपात उखाण्याआधी घेतात तसा मोठ्ठा श्वास घेऊन म्हणाला, “काका, तुम्ही आत्ता ज्याला टेकून उभे आहात ना…”

“बरं झालं दादा, तुम्ही आलात!” मामांनी आपला फोन त्याच्या हातात कोंबला. “आमचा सगळ्यांचा एक फोटो काढा. दरी घ्या, धबधबा घ्या. फक्त तेवढा कठडा मध्ये येऊ देऊ नका.”