लेफ्टनंटचा रिपोर्ट

फासा जयसिंगच्या हातात होता आणि तो टाकायचं सोडून गडी खाली मान घालून बसला होता.

"लेफ्टनंट, यानाच्या इंजिनाला आग लागलीय," नदीम म्हणाला. "टाका की लवकर. का सगळ्यांना जाळताय?"

गुरुवार होता, कंपन्यांना सुट्टी. पिंपळे गुरवला नदीमच्या मोबाइलच्या दुकानावर पत्र्याची खोली आहे, तिथं चौघांचा खेळ चालायचा. खेळ कसला, तर अंतराळयानाचा. नदीम गोष्ट सांगणार आणि संकटं आणणार. बाकीचे यानावरचे फौजी, ते बोलून आणि फासे टाकून त्यातनं वाट काढणार. नदीमची बहीण सादिका यानाची डॉक्टर, जयसिंग लेफ्टनंट आणि बुद्धरत्न कॅप्टन. हुद्दे चिठ्ठ्या टाकून वाटलेले. आणि एकदा खेळायला बसलं की हुद्द्यानंच हाक मारायची, अशी नदीमची सक्त ताकीद.

त्यातली गंमत अशी, की चाकणला वेल्डिंगच्या लाइनवर जयसिंग सुपरवायझर आणि बुद्धरत्न त्याच्या हाताखालचा कंत्राटी कामगार. तिथं "बुद्धा, इकडं ये" आणि "आलो सर" चालायचं. इथं मात्र जयसिंगला "होय कॅप्टन, आपण म्हणाल तसं" म्हणावं लागायचं. पहिल्यांदा म्हणताना त्याची जीभ चांगलीच अडखळली होती. पुढं ते अंगवळणी पडलं. खरं सांगायचं तर बुद्धरत्न कॅप्टन म्हणून होताच भारी. घाबरायचा नाही, आणि कुणाला मागं टाकून जायचा नाही.

काल सकाळी जयसिंगला मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. बुद्धरत्नला ब्रेक द्यायचा, म्हणजे कामावरून काढायचं. शुक्रवारी गेटवर त्याचं कार्ड लागणार नाही, तेव्हा त्याला कळेलच. "आधी बोललास तर तूही त्याच्याबरोबर बाहेर उभा राहशील," साहेब म्हणाले होते. जयसिंगनं मान डोलावली. घरात बायको, पोरं, आणि बापाचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चाललेलं. त्यानं तरी काय करायचं, सांगा.

फासा पडला. एक.

"गेलं इंजिन!" नदीमनं कपाळावर हात मारला. "चहा घ्या, तोवर यान अंधारात."

चहा पिता पिता बुद्धरत्न सहज म्हणाला, "आमचा मेव्हणा मागं लागलाय, सनी. तळेगावला एका कंपनीत भरती आहे, उद्याचा एकच दिवस. मी म्हटलं, नको रे बाबा. आमचे सर मला पर्मनंटला लावणार आहेत." आणि त्यानं हसून जयसिंगकडं बघितलं.

"हां... बघू," जयसिंग म्हणाला आणि कपात तोंड घातलं.

बुद्धरत्न काही खुळा नव्हता. सर नजर चुकवतायत हे त्यानं ओळखलं. त्यानं कप खाली ठेवला.

"लेफ्टनंट, रिपोर्ट."

या खेळात हा एक नियम सगळ्यात कडक होता. कॅप्टननं रिपोर्ट मागितला की खालच्यानं उभं राहायचं, खरं तेच सांगायचं, आणि कॅप्टन 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही. आजवर कुणी तो मोडला नव्हता.

जयसिंग उभा राहिला. "कशाचा, कॅप्टन?"

"उद्या सकाळी मी चाकणला येऊ, का तळेगावला जाऊ?"

नदीमला वाटलं चेष्टा चाललीय. तो हसला, आणि जयसिंगचं तोंड बघून गप्प झाला.

'चाकणला ये की' म्हणायला काय लागतं? कालपासून जयसिंगनं मनात ते कितीदा तरी घोकलं होतं. त्याला साहेब आठवले, बापाचा सुया टोचून काळानिळा झालेला हात आठवला.

"तळेगावला जा, कॅप्टन," तो म्हणाला. "उद्या गेटवर आपलं कार्ड लागणार नाही. आपल्याला ब्रेक दिलाय."

सादिकाच्या तोंडून "या अल्लाह" निघालं.

"कधी कळलं?" बुद्धरत्ननं विचारलं.

"काल सकाळी."

"काल दुपारी आपण एका डब्यात जेवलो." बुद्धरत्नचा आवाज चढला नव्हता. "बायकोनं तुझ्यासाठी चटणी जास्तीची दिली होती. बोटं चाटून खाल्लीस राव तू."

आजवर त्यानं जयसिंगला कधी अरेतुरे केलं नव्हतं. जयसिंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, कॅप्टन."

बुद्धरत्न उठला. त्यानं फोन लावला, "सनी, उद्या येतो रे मी," एवढंच म्हणाला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला.

नदीमनं फासे डबीत भरले. सादिकानं कप उचलले. जयसिंग जागचा हलला नव्हता.

"बस रे भावा," नदीम शेवटी म्हणाला. "संपला खेळ."

"कॅप्टन 'बसा' म्हणाले नाहीत अजून," जयसिंग म्हणाला, आणि उभाच राहिला.