कडूबाची हाक

जनकाबाईनं सूप उचललं आणि पाखडायला सुरुवात केली. सुपात एक दाणाही नव्हता.

खाटेवर तिचा नवरा कडूबा उताणा पडला होता, डोळे उघडे. गेल्या साली कपाशीवर फवारणी करताना औषध त्याच्या अंगात भिनलं. सतरा दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला, तो असा. भरवलं की गिळायचा. हाक मारली तर मान वळवायचा नाही.

जनकाबाईची थोरली बहीण रुक्मिणी सकाळीच देऊळगाव राजाहून आली होती. भिंतीला टेकून ती पाहत बसली. पाच वेळा पाखडून जनकाबाईनं सूप पालथं घातलं. उठून उंबऱ्याशी गेली. चौकटीवर बोटांनी तीनदा वाजवलं. पदराचं टोक दातांत धरलं आणि खाटेकडे पाठ करून, श्वास रोखून उभी राहिली.

काही झालं नाही. तिनं पुन्हा सूप उचललं.

"हे काय करून राह्यली तू?" रुक्मिणीनं विचारलं.

"हे बोलतेत, आक्का."

"कडूबा?"

"पयल्यांदा बोलले तवा मी जवारी पाखडत होती. 'जनके' म्हणाले. साफ. मंग मी रोज पाखडलं, पंधरा दिवस. काहीच नाई. एक दिवस उंबऱ्यात ठेचाळली, पदर तोंडात धरून रडत होती, तवा पुन्हा बोलले."

"मंग?"

"मंग कधी दोन दिवसानं, कधी महिन्यानं. एकदा तं एकाच दिवशी दोनदा." जनकाबाई जरा हसली. "कशानं बोलतेत ते मले अजून नेमकं समजलं नाई. म्हणून मी काहीच सोडत नाई."

"डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते, असं मधीच होते, त्याचा काही नेम नसते. आपण काही केल्यानं होत नाई." सूप पुन्हा वाजू लागलं. "डॉक्टरनं कुठं आयकलं त्याइले बोलतानी."

रुक्मिणीनं तिच्या मनगटाकडे पाहिलं. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. चूल थंड होती. मागच्या दारातून वावर दिसत होतं. कापूस फुटून बोंडांतून लोंबत होता, काही ठिकाणी खाली गळून मातीत मिसळला होता. वेचायला कोणी गेलंच नव्हतं.

रुक्मिणीनं तिच्या हातातून सूप काढून घेतलं. "माह्यासंगं चाल. चार दिवस. वच्छला पाहील यांच्याकडे."

वच्छला ही जनकाबाईची धाकटी जाऊ, शेजारीच राहायची. ती लगेच हो म्हणाली. जनकाबाई नाही म्हणेल असं दोघींनाही वाटत होतं, पण ती सुपाकडे बघत खाली बसली.

"थकली मी, आक्का," ती म्हणाली.

रुक्मिणीनं चूल पेटवली. दोघी बहिणी जेवल्या. जनकाबाईनं दीड भाकर खाल्ली. पिशवीत दोन लुगडी आणि फणी टाकली. वच्छलाला पेजेचं भांडं दाखवलं, कूस कशी बदलायची ते सांगितलं. कडूबाच्या पायावरची वाकळ सारखी केली. साडेतीनच्या उन्हात दोघी आंगणात आल्या. रुक्मिणीनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला तो खांदा सैल लागला.

कवाड उघडून जनकाबाईनं पाय बाहेर टाकला.

"जनके."

आवाज आतून आला. आजारी माणसाचा नव्हता तो. वावरातून पाणी मागायला मारावी तशी खणखणीत हाक होती. घरातून वच्छला धावत दारात आली, तोंडावर हात ठेवून.

जनकाबाई आत धावली नाही. होती तिथंच थिजून उभी राहिली. फक्त डोळे फिरत होते. पिशवीवर, कवाडावर, सावलीवर, स्वतःच्या पायांवर.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "मी कोणता पाय भाईर टाकला होता?"

"जनके, आत जा. पाह्य तं त्याइले."

"कोणता पाय?"

"उजवा," रुक्मिणी म्हणाली.

आत गेल्या तेव्हा कडूबा आढ्याकडे बघत होता. वच्छलानं त्याच्या तोंडाजवळ कान नेला. नुसता श्वास.

त्या दिवशीची एसटी गेली. रुक्मिणी म्हणाली, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी साडेतीनला दोघी पुन्हा निघाल्या आणि कवाडाशी जरा थांबल्या. काही ऐकू आलं नाही. जनकाबाई मागं फिरली. तिला एकटीला कसं सोडावं, म्हणून रुक्मिणीही फिरली. संध्याकाळी रुक्मिणीच्या नवऱ्याचा, महादेवरावांचा फोन आला, केव्हा येतेस म्हणून. तिकडे त्यांच्या घरचा कापूसही वेचायला आला होता. रुक्मिणीनं सांगितलं, दोन दिवसांत येते.

चौथ्या दिवशी वच्छलानं यायचं बंद केलं. मले भ्या वाटते, म्हणाली.

सहाव्या दिवशी उन्ह कवाडाच्या खुंटापर्यंत आलं तशा दोघी आंगणात उतरल्या. जनकाबाईच्या हातात पिशवी होती. आत रुक्मिणीचा फोन वाजत होता. वाजून वाजून थांबला. जनकाबाईनं कवाड उघडलं आणि उजवा पाय उचलला.

"थांब," रुक्मिणी म्हणाली. तिनं बहिणीच्या खांद्यावरचा हात दोन बोटं खाली सरकवला. "माहा हात इथं होता."