पेनाने लिहिलेली यादी

मुलांनी खेळ निवडण्याआधीच व्यायामाचे गवाणकर सर त्यांच्या स्वभावावरून यादी करून ठेवायचे, तीही पेनाने. भांडकुदळ मुलं कबड्डीला, एकलकोंडी लांब उडीला. सातवीतल्या केतकीचा आवाज हजेरीलाही पहिल्या बाकापलीकडे पोचत नसे. तिच्यापुढे त्यांनी डोळे झाकून 'बुद्धिबळ' लिहिलं होतं.

केतकीने अर्जात कबड्डी लिहिली.

"अगं, चढाईला गेल्यावर 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहावं लागतं, तेही मोठ्याने," निवडीच्या दिवशी मैदानावर सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "जमणार आहे का तुला?"

तिने मान डोलावली आणि मधली रेषा ओलांडली. तिचा आवाज पार मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला. तिघींना बाद करून ती परत आली तरी तिचा दम सुटला नव्हता.

"मग वर्गात तोंड का उघडत नाहीस?" सरांनी विचारलं.

केतकी पुन्हा पहिल्यासारखी पुटपुटली, "वर्गात काय बोलायचं ते सुचत नाही, सर. इथे ते आधीच ठरलेलं असतं."

सरांनी यादीत खाडाखोड केली. दुसऱ्या दिवशी आठवीची यादी करायला बसताना त्यांनी पेन्सिल मागून घेतली.