छताला टांगलेली होडी

"वर बघ, आई," लेक म्हणाला. मार्सेयच्या जुन्या बंदराकडे बघणाऱ्या टेकडीवर ते मेरीमातेचं चर्च होतं आणि त्याच्या छताला चिमुकल्या होड्या टांगल्या होत्या. समुद्रातून वाचलेले खलाशी नवस फेडायला त्या आणतात, असं त्याने समजावलं.

चांगुणाबायला नवल वाटलं नाही. कोळ्यांची एकवीरासुद्धा डोंगरावरच बसते. तिने चपलाही बाहेरच काढल्या होत्या.

फिरता फिरता तिची नजर एका निळ्या होडीवर अडली. पुढच्या टोकाला, नाळेवर, देवनागरीत नाव होतं, तिच्या नवऱ्याच्याच होडीचं.

"आरं, ही तं आपली होरी!" ती हरखली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. इथे होडी टांगतो तो मरता मरता वाचलेला असतो. लेक तर जहाजावरून फोनवर हसूनच बोलायचा.

"बुडता बुडता कवा वाचलास रं?"

"मागल्या वर्षी. तुला घोर लागेल म्हणून सांगितलं नाही."

चांगुणाबाय मेरीमातेच्या मूर्तीकडे वळली. "हिला इथली माणसं काय म्हणतात?"

"आईच म्हणतात."

तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं. "मग झालं तं. आईला सांगितलंस ना!"