चपलांची रांग

पंचवटीतल्या त्या मुलांच्या डॉक्टरांकडे फोनवरून नंबर लावायची सोय अजून आली नव्हती. दवाखाना उघडायच्या आत पायरीपासून चपलांची रांग लागायची आणि माणसं समोरच्या लिंबाखाली अनवाणी बसायची. ज्याची चप्पल पुढे, तो आधी आत.

भाग्यश्रीची चप्पल तिसरी होती, तरी तिला चैन पडेना. मांडीवरचं लेकरू तापानं फणफणलेलं, डॉक्टरांचा पत्ता नाही, आणि आले तरी अकराच्या ठोक्याला हॉस्पिटलच्या राउंडला पळणार. ती सारखी उठायची, आपली चप्पल जागेवर आहे ना ते बघून यायची. शेवटी पेठहून आलेल्या सासूबाईंना, नवसाबाईंना, "आई, चपलांकडे जरा लक्ष ठेवा," असं बजावून ती लेकराला कडेवर घेऊन कपाळावरची पट्टी भिजवायला नळावर गेली.

परत येते तर दवाखान्यासमोर नुसता कालवा! "पहिला नंबर माझा होता!" "चल, खोटारड्या!" दोघं तर एकमेकांच्या कॉलरला धरून उभे. रांगेचा मागमूस नाही. दारातून कंपाउंडर ओरडत होता, "अहो, डॉक्टर आलेत, कोणीतरी आत या!"

भाग्यश्री रडकुंडीला आली. "आई, लक्ष ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"ठेवलं की लक्ष!" नवसाबाई म्हणाल्या.



"येक चप्पल उलटी पडली व्हती बाई. उगं भांडणं लागाया नको, म्हणून समद्याच सुलट्या करून भिंतीकडंला नीट लावून ठेवल्या."